राहिलेलं नाव

हुरड्याचे दिवस आले की आमच्या मुलींच्या शाळेत कुणी ना कुणी ओच्यातून कणसं घेऊन येतंच. यंदा मंगळवेढ्याकडून नव्यानं आलेली एक मुलगी घेऊन आली. सकाळची थंडी होती, पटांगणात ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं, आणि तिच्या ओच्यात दुधाळ दाण्यांची हिरवी कणसं. मी नाव विचारलं. "दगडा," ती म्हणाली. मागं बसलेल्या मुलींत खसखस पिकली. त्यांना गप्प करून मी तिला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "तुझ्या आधी घरात कोण गेलं गं?"

"दोन भाव गेले. तुमाला कुणी सांगितलं, बाई?"

"तुझ्या नावानं."

तिनं माझ्याकडे जरा संशयानंच बघितलं, कणसं टेबलावर ठेवली आणि जागेवर जाऊन बसली. बाईंना काहीतरी येतं, असा तिचा समज झाला असावा. झाला तर झाला. मास्तरणीबद्दल मुलींचे असे एकदोन समज असलेले बरे असतात.

खरं तर यात विद्या कसली नाही. सोलापुरात इतकी वर्षं हजेरी घेतल्यावर नाव ऐकलं की घर दिसू लागतं. सिद्धव्वा म्हटलं की ग्रामदैवताच्या तळ्याकाठचं घर, नाहीतर निदान गड्ड्याच्या जत्रेला न चुकता जाणारं. शेवटी अव्वा लागलं की चुलीपाशी कानडी चालते, अम्मा लागलं की माजघरात माग आहे आणि बोलणं तेलुगू. मंगळी, बुधी, शुक्री म्हटलं की आईबापांना कामातून सवड नव्हती, ज्या वारी पोर झाली तो वार लावून मोकळे झाले. आणि अलीकडे नलिनी, कुमुदिनी, उषा येऊ लागल्या आहेत. त्यांचे वडील मासिकं मागवतात आणि जेवताना आईला त्यातलं वाचून दाखवतात, हे मी पैजेवर सांगेन.

फसगतही पुष्कळ होते. आमची एक नलिनी अशी दांडगी होती की विहिरीवर रहाट ओढायला तिलाच पुढे घालत. आणि एका धोंडाबाईचा गळा इतका गोड की प्रार्थना तिच्याशिवाय सुरू होत नसे. तरीही वर्षाच्या पहिल्या दिवशी नलिनी हाक मारताना आपला आवाज नकळत मऊ होतो आणि धोंडा म्हणताना कोरडा. मी तो मुद्दाम उलटा करून बघते. जमत नाही.

दगडा, धोंडा ही नावं आईबाप काही हौसेनं ठेवत नाहीत. आधीची मुलं गेलेली असतात. पुढच्यावर कुणाची नजर जाऊ नये म्हणून त्याला असं नाव द्यायचं की ऐकणाऱ्यानं तोंड फिरवावं. आमच्यात केरबा, कोंडिबा. अक्कलकोटाच्या बाजूच्या कानडी घरांत तिप्पण्णा. साळ्यांच्या तेलुगू घरांत पेंटय्या. तिप्पे काय, पेंटा काय आणि आमचा केर काय, सगळं जाऊन पडतं एकाच उकिरड्यावर. तीन भाषांतल्या आयांनी एकमेकींना न विचारता एकच युक्ती काढली, याचं मला अजूनही नवल वाटतं.

माझं स्वतःचं नाव यमुना. घरात यमू. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं दुसरं नाव लिहिलं, मंगला. मला ते फार आवडलं होतं. सासरच्या अंगणातून कुणी "मंगला" म्हणून हाक मारली की ओ द्यायच्या आधी मी क्षणभर ती हाक नुसती ऐकून घेई. पण ते नाव फार दिवस चाललं नाही. नवरा तापानं गेला, मी सोलापूरला दादाकडे परत आले आणि पुन्हा यमू झाले. विधवेला मंगला म्हणायला कुणाची जीभ रेटली नसती, आणि कुणी म्हटलं असतं तर मलाच कसंसं झालं असतं. दादानं मला शिकवलं, नोकरीला लावलं. ते नाव तांदळातच राहिलं.

ज्या हंगामाची मला दर हुरड्याला आठवण येते तो त्यानंतरचा. आता त्याला सोळा-सतरा वर्षं झाली असतील. दादा कोर्टात कारकून होता आणि आमचं बिऱ्हाड साखर पेठेच्या कडेला होतं. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा, आणि उजाडलं की शेजारच्या नरसव्वाच्या घरातून, नावात अव्वा असली तरी घर तेलुगू साळ्यांचंच, मागाची खटखट सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. पाहुणे म्हणत, तुम्हाला दुपारी झोप कशी लागते? आम्हाला माग थांबला की जाग येई.

त्या वर्षी वहिनीला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिला सुधाकर. गोरापान, टपोऱ्या डोळ्यांचा, रस्त्यानं जाणारी बाईसुद्धा थांबून गालाला हात लावायची. संक्रांतीला त्याचं बोरनहाण करायचं म्हणून वहिनीनं काळं झबलं शिवून त्यावर पांढरी फुलं काढली होती. संक्रांतीच्या आधीच तो दातांच्या दुखण्यात गेला. दुसरी मुलगी झाली ती वहिनीच्या माहेरी, मैंदर्गीला. ती बाराव्या दिवसापर्यंतही पोचली नाही. मी तिला पाहिलंही नव्हतं. म्हणून तिसरं बाळंतपण सोलापुरातच करायचं ठरलं आणि वहिनीची आई मैंदर्गीहून येऊन राहिली. आम्ही त्यांना मैंदर्गीच्या आई म्हणत असू.

शेतात ज्वारी हुरड्यावर आली आणि मुलगा झाला. बाळ ठणठणीत होतं. वहिनी मात्र त्याच्याकडे बघायची ती परक्याचं मूल घटकाभर मांडीवर ठेवायला दिल्यासारखी. पाजायची, पुसायची, पांघरूण घालायची, सगळं वेळच्या वेळी. पण सोन्या नाही, राजा नाही, बाळ नाही. "वन्सं, ते रडतंय, बघता का?" असं म्हणायची. ते. मला त्या शब्दाची धास्ती वाटू लागली. पोर जगेल की नाही हे कुणाच्या हातात नव्हतं, पण ही बाई त्याची आई व्हायलाच तयार नव्हती आणि ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

तिकडे ओसरीवर नावाचं भांडण जुंपलं होतं.

"निशिकांत," दादा म्हणाला. "मी केव्हाच ठरवून ठेवलंय."

"पुन्हा चंद्रच की हो, जावईबापू," मैंदर्गीच्या आई म्हणाल्या. "पहिल्याचं सुधाकर ठेवलात. सगळं गाव मान वर करून बघत होतं. बेड, बेड. आता चंद्र नको. केरबा ठेवा."

"आई, उद्या हा कलेक्टर झाला तर? केरबा कलेक्टर कसं दिसेल?"

"आधी उद्या उजाडू दे की."

दादा मासिक उघडून बसला, पण पान काही उलटेना. दादाला मी ओळखते. त्याचं चंद्राचं वेड म्हणजे नुसती मिजास नव्हती. गेलेल्या पोराच्या जवळपासचं काहीतरी त्याला पुन्हा घरात हवं होतं. ते त्याला बोलून दाखवता येत नव्हतं, म्हणून तो कलेक्टरच्या गोष्टी करत होता.

एका दुपारी मी बाळंतिणीच्या खोलीत शेगडी फुंकत होते. ओव्याच्या धुरीनं डोळे चुरचुरत होते. वहिनी भिंतीकडे तोंड करून निजली होती. मला वाटलं डोळा लागला असेल. तेवढ्यात तशीच पडल्या पडल्या ती म्हणाली, "वन्सं, तिचं नाव राहिलं."

मी फुंकणी खाली ठेवली.

"सुधाकरची आठवण आली तर सुधाकर म्हणता येतं. मनातल्या मनात म्हणते मी. तिची आली की काय म्हणू? मैंदर्गीची म्हणू? दुसरी म्हणू?" मग कूस वळवून माझ्याकडे बघत, "तुम्ही आत्या. तुम्ही काय ठेवलं असतं?"

मी आत्या खरी, पण बारशाला पाळण्याजवळ जायचा माझा हक्क कुंकवाबरोबर गेला होता. शुभकार्यात आम्ही मागल्या दारी बसून नारळ खोवायचा. नाव सुचवणंसुद्धा मला चोरटं वाटलं. "शेक घ्या आता, विस्तव चांगला झालाय," एवढंच मी म्हणाले. तिनं पुन्हा विचारलं नाही.

सोयर फिटलं त्या सकाळी दादानं आणि त्याच्या सासूबाईंनी आपसात तह केला. सासूबाईंनी त्यांचा उकिरड्याचा विधी करावा, दादानं आड येऊ नये. मात्र बारशाला नाव निशिकांतच. दादा माझ्याकडे बघून हसला. "होऊ दे त्यांचा खेळ," म्हणाला. "आपलं काय जातंय?"

मग मैंदर्गीच्या आईंनी परसातला केर एकीकडे लोटून त्याचा ढीग केला, सुपात जुनेर अंथरलं, त्यावर बाळाला ठेवलं आणि सूप ढिगावर ठेवून त्या पाठ फिरवून आत आल्या. थंडीनं बाळानं टाहो फोडला. वहिनी खिडकीचा गज धरून उभी होती. ठरल्याप्रमाणं नरसव्वा परड्याच्या फाटकातून आली. कामावरून उठून आलेली, केसांना सुताचे तंतू चिकटलेले. "कुणाचं गं हे टाकलेलं?" तिनं मोठ्यानं विचारलं. "कुणाचंच नाही," आई आतून म्हणाल्या. "मग मी घेते," असं म्हणून नरसव्वानं ओंजळभर कोंडा ढिगावर टाकला, तीच किंमत, आणि बाळाला उचलून छातीशी धरलं. बाळाचं रडणं थांबलं. घरात येऊन तिनं ते वहिनीच्या ओटीत घातलं. "दूद तू पाज, अम्मा. लेकरू माजं हाय."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. त्या दिवशी प्रथमच तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला मी पाहिला. आपलं नाहीच म्हटल्यावर ते कुणी आपल्यापासून नेणार कसं, असा काहीतरी तिचा हिशेब असावा.

दादाची चूक दुसऱ्या दिवशी कळली. तो कोर्टात जायला निघाला, डोक्यावर पगडी चढवत होता, तेवढ्यात नरसव्वा ओसरीच्या पायरीशी आली.

"उद्या बारसं की, दादा? नाव पेंटय्या ठेवायचं. सांगून ठिवते."

दादा हसला. "अगं, नाव आम्ही ठरवलंय."

"तुमी कसं ठरवणार? मी घेतलेलं लेकरू हाय. आमच्यात जिनं उचललं तिनंच नाव ठिवायचं असतंय. न्हायतर ते उचलणं लागू पडत न्हाय."

दादानं तोंड उघडलं. अगं तो नुसता खेळ होता, हे त्याच्या ओठांवर आलेलं मला स्पष्ट दिसलं. पण आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि बाजेची कुरकुर मधेच बंद झाली होती. वहिनी ऐकत होती. खेळ होता म्हटलं की ते बाळ पुन्हा वहिनीचं झालं असतं, आणि वहिनीचं म्हणजे जाणारं. कोर्टात रोज दोन्ही बाजूंचे वकील ऐकणारा माझा भाऊ पगडी हातात धरून उभा राहिला.

"बरं," शेवटी तो म्हणाला. "पेंटय्या."

"लई चांगलं नाव हाय," नरसव्वानं त्याची समजूत घातली. "माज्या थोरल्या भावाचं बी हेच हाय. नातवंडं झाली त्याला."

दादा कोर्टाकडे निघाला तेव्हा त्याची चाल जरा वाकडीच पडत होती. मला हसू येत होतं आणि त्याची कीवही येत होती. आईंनाही ओसरीवर हसू आवरेना. "केरबा नको म्हणाले, तर बघा काय पदरात पडलं," त्या म्हणाल्या.

बारशाला करमाळ्याची चुलत बहीण आली. सख्खी आत्या चालत नाही म्हणून चुलत बोलावलेली. जरीची चोळी, नथ, कपाळभर कुंकू. बायकांनी खोली भरली. घुगऱ्या शिजल्याचा वास, बेळगावी पेढे, आणि कोपऱ्यात कुणीतरी आणलेली हुरड्याची कणसं. मी माजघराच्या उंबऱ्याआड, हातात खोवणी. तिथून मला पाळण्याचा एक दोर आणि वहिनीचा खांदा तेवढा दिसत होता. गोविंद घ्या, गोपाळ घ्या करत बाळ पाळण्याच्या वरून खालून फिरवून झालं. करमाळ्याची बहीण नाव सांगायला पुढे वाकली. आणि वहिनीनं बाळ दिलं नाही.

"वन्संना बोलवा," ती म्हणाली.

मैंदर्गीच्या आई कानडीत काहीतरी पुटपुटल्या आणि मग मराठीत म्हणाल्या, "काय हे, यव्वा. असं कुठं असतंय होय? त्या कशा येतील इथं?"

वहिनीचा आवाज मोठा नव्हता, पण मला उंबऱ्याआड शब्द न शब्द ऐकू आला. "उकिरडा चालला, आई. कोंडा चालला. जे कुणाला नको असतं तेच याला लागतं म्हणालीस ना? मग माझ्या वन्सं का चालत नाहीत?"

मला राग आला. खोटं कशाला सांगू? केर, कोंडा, दगड, धोंडा आणि त्यांच्या रांगेत मी. भरल्या घरात, पंधरा बायकांसमोर तिनं ते बोलून दाखवलं. मी हातातला नारळ ठेवून परसात निघून जाणार होते. पण तेवढ्यात तिनं उंबऱ्याकडे मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. मला कमी लेखायला ती बोललेली नव्हती. तिला मी हवी होते, आणि मला आत घ्यायला तिच्या आईच्याच शास्त्रातली ती एकच वाट तिला सापडली होती. त्या वाटेनं यायचं तर कुणाला नको असलेलंच असावं लागत होतं, चोळीवर जर असून भागत नव्हतं. मी हात पदराला पुसले आणि गेले.

बाळाचा कान तळहातावरच्या तांदळाएवढा वाटला. मी वाकले. आत्या कुर्र करते तेव्हा बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, अशी रीत आहे. माझ्या पाठीवर कुणी हात टाकेना. मी नुसती वाकून उभी. मग मागून असा सणसणीत धपाटा बसला की मी पाळण्यावर पडता पडता राहिले. नरसव्वा. माग ओढणारा हात तो. "सांग की गं," ती म्हणाली. बायका हसल्या आणि मग दोन-चार हात आणखी पडले. मी कुर्र केलं आणि सांगितलं, पेंटय्या. तीनदा. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं एकदा. ओसरीवरून दादाच्या खोकण्याचा आवाज आला.

पुढं दादानं शाळेत नाव निशिकांतच घातलं आणि नरसव्वानं त्याला हरकत घेतली नाही. शाळेत कुठं मरण येतंय बघायला, ती म्हणाली. आता तो पोरगा पार आडमाप वाढलाय. दारातून येताना वाकतो. मास्तर निशिकांत म्हणतात, सगळी साखर पेठ पेंट्या म्हणते, आणि दादाही रागावला की पेंट्याच म्हणतो. यंदा त्याचं मॅट्रिक आहे. काल मी दगडानं दिलेली कणसं घरी आणली, तर अभ्यास टाकून परसात आगटी पेटवून बसला आणि शेंगांच्या चटणीबरोबर एकट्यानं निम्मा हुरडा संपवला. वहिनी दारातून ओरडत होती, "पेंट्या, आत्याला ठेव रे." ती ही हाक दिवसातून किती वेळा मारते याचं तिला आता भानही नसतं.

तशी पहिली हाक मी ऐकली ती बारशाच्याच दिवशी. बायका ओट्या घेऊन गेल्या होत्या. मैंदर्गीच्या आई परसात भांडी आवरत होत्या, नरसव्वाचा माग पुन्हा सुरू झाला होता. खोलीत वहिनी पाळण्याला झोका देत होती आणि मी सांडलेल्या घुगऱ्या गोळा करत होते. बाळ कुरकुरलं. "नीज रे, पेंट्या," ती म्हणाली. अगदी सहज. आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग ती रडली, त्या घरात आल्यापासून मी तिला इतकं रडताना पाहिलं नव्हतं. मी जवळ जाऊन बसले. झोका मीच देत राहिले.

डोळे पुसून झाल्यावर ती म्हणाली, "वन्सं, आता तिचंही ठेवा की."

त्या दुपारी मी शेगडीचं निमित्त केलं होतं. आता निमित्ताची गरज नव्हती, पंधरा बायकांसमोर धपाटे खाऊन मी आत्या झाले होते. नाव शोधावंही लागलं नाही. एक चांगलं नाव माझ्याकडे कधीचं पडून होतं, फारसं न वापरलेलं. आणि तिला आता कुणाची दृष्ट लागायची नव्हती, तेव्हा चांगलं नाव ठेवायला काहीच हरकत नव्हती.

वहिनीनं कान पुढे केला. मी वाकून कुर्र केलं आणि सांगितलं, "मंगला."